योग्य वेळची टंचाई

1964 च्या सप्टेंबरात बोर्दोचे बागायतदार खुशीत होते. उन्हाळा कोरडा आणि उबदार गेला होता, घड तयार होत आले होते. द्राक्षे अजून वेलीवर असतानाच फ्रान्सच्या कृषिमंत्र्यांनी हे साल थोर ठरणार असे जाहीर करून टाकले. 8 ऑक्टोबरला पाऊस सुरू झाला आणि थांबायचे नाव घेईना.

पोयाक हे मेदोक भागातले छोटेसे गाव. जगात सर्वाधिक नावाजलेल्या लाल वाइनच्या तीन बागा या एका गावच्या शिवारात आहेत: लाफित, मुतों आणि ला-तूर. त्या वर्षी ला-तूरची तोडणी पाऊस यायच्या आत उरकली होती. लाफित आणि मुतों यांनी अजून थोडे पिकू द्यावे म्हणून वाट पाहिली आणि त्यांची द्राक्षे पावसात सापडली. आज साठ वर्षांनंतरही ला-तूरची 1964 ची वाइन जाणकार आदराने घेतात. उरलेल्या दोन बागांच्या त्याच सालच्या बाटल्यांपुढे मात्र हात आखडतो. आभाळ तेच, गावही तेच, पण तोडणीच्या तारखा वेगळ्या होत्या.

फ्रेंच वाइनच्या बाटलीवर छापलेले साल बहुतेक लोक हवामानाचा निकाल म्हणून वाचतात: चांगले वर्ष, वाईट वर्ष. प्रत्यक्षात हवामान वर्षभर प्रश्न विचारत असते. त्यांतल्या प्रत्येकाची वेळ ठरलेली असते आणि काहींची उत्तरे माणसाला द्यावी लागतात. आणखी एक विरोधाभास आहे. शेतकऱ्याला जे सुखाचे वर्ष वाटेल, त्यातून मोठी वाइन निघतेच असे नाही. मोठी लाल वाइन निघते ती वेलीला योग्य वेळी काहीतरी कमी पडल्यामुळे.

पावसाला महिना नसलेला मुलूख

बोर्दो साधारण 45 अंश उत्तर अक्षांशावर आहे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद नावाची रुंद खाडी होते आणि ती अटलांटिकला मिळते. समुद्र आणि बागा यांच्यामध्ये लांद नावाचे पाइन वृक्षांचे अफाट जंगल आहे. ते समुद्रावरून येणारा वारा बराचसा अडवते. वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण त्याचा आपल्यासारखा मोसम नाही. तो जूनमध्ये येऊ शकतो, ऑगस्टमध्ये येऊ शकतो, ऐन तोडणीतही येऊ शकतो. म्हणूनच इथले एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते आणि म्हणूनच बाटलीवरच्या सालाला एवढा अर्थ आहे.

नाशिकच्या बागायतदाराला हे चटकन समजेल, कारण त्याचा हिशेब नेमका उलटा आहे. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलमध्ये एक छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडायची. छाटणीची तारीख पुढेमागे करून पीक पावसाच्या तावडीतून सोडवता येते, पाणी ठिबकने मोजून देता येते. अवकाळी पाऊस आणि गारपीट हा हिशेब मोडतात, पण हिशेब मांडायची मुभा तरी असते. बोर्दोत वेल पानझड होऊन हिवाळाभर झोपते आणि मार्चअखेर ऊब आली की आपली आपण जागी होते. नामांकित वाइनच्या बागांना पाणी देण्यावर नियमाने बंदी आहे. जे वरून पडेल आणि जमिनीत राहील, तेवढ्यावर भागवायचे.

थंडीचा वार

पहिला प्रश्न एप्रिलमध्ये येतो. डोळे फुटतात, कोवळी पालवी दिसते, आणि एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटेपर्यंत फुटवे काळे पडतात. 1991 च्या एप्रिलमध्ये हेच झाले, 2017 च्या एप्रिलअखेर पुन्हा झाले. 2017 मध्ये बोर्दोचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी घटले. मे महिन्याच्या 11 ते 13 तारखांना फ्रेंच शेतकरी ‘बर्फाचे संत’ म्हणतात. त्या संतांचे दिवस उलटले की गोठण्याची भीती सरली, असा जुना आडाखा आहे. गोठवणाऱ्या रात्री बागेत मेणाच्या मोठ्या मशाली पेटवल्या जातात, वरची उबदार हवा खाली ढकलणारे पंखे फिरतात. पण सर्वांत भरवशाचे संरक्षण पाण्याचेच. चांगली बाग नदी पाहते, असे मेदोकमध्ये म्हणतात. खाडीचे रुंद पात्र थंडीची धार बोथट करते. 2017 मध्ये खाडीकाठच्या नामांकित बागा बऱ्याच अंशी वाचल्या आणि आतल्या भागातल्या बागा उघड्या पडल्या, तेव्हा या म्हणीचा हिशेब पैशांत दिसला.

याहून मोठा घाव फेब्रुवारी 1956 चा. तेव्हा वेली झोपेत होत्या, पण थंडी इतकी भयंकर होती की नदीच्या उजव्या काठाच्या पोमरोल आणि सेंत-एमिलियाँ भागांत खोडेच्या खोडे मेली. नंतर ज्या लागवडी झाल्या, त्यांत मेर्लो या जातीचा वाटा वाढला. उजव्या काठाच्या वाइनची आजची मऊ, भरदार ओळख काही अंशी त्या एका हिवाळ्याने ठरवलेली आहे.

जूनच्या सुरुवातीला फुलोरा येतो. द्राक्षाचे फूल नजरेत न भरणारे, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून. हवा गार आणि ओली राहिली तर फुलगळ होते, किंवा एकाच घडात काही मणी टपोरे आणि काही मोहरीएवढे राहतात. असे घड एकसारखे पिकत नाहीत. 1984 मध्ये मेर्लोचा फुलोरा जवळजवळ वाया गेला आणि त्या वर्षीच्या डाव्या काठाच्या, म्हणजे मेदोककडच्या, वाइन बव्हंशी काबेर्ने सोव्हिन्यों या जातीच्या झाल्या. बोर्दोची वाइन एका जातीची नसून मिश्रणाची असते, त्यामागे चवीइतकेच हे कारण आहे. मेर्लो लवकर फुलते, लवकर पिकते. काबेर्ने उशिरा. एक बुडाली तर दुसरी तारते. 1998 मध्ये मेर्लो पावसाआधी घरात आली आणि उजव्या काठाचे वर्ष उत्तम ठरले. डाव्या काठाची काबेर्ने मात्र पावसात अडकली.

आता 1961 कडे पाहू. ‘बर्फाचे संत’ केव्हाच होऊन गेले होते, तरी मेअखेरीस पारा गोठणबिंदूखाली गेला. फुलोराही बिघडला. वेलींवर फारच थोडे घड उरले. कुठल्याही शेतकऱ्याने डोक्याला हात लावावा असे वर्ष. पुढे ऑगस्ट आणि सप्टेंबर कोरडे गेले आणि वेलीची सगळी ताकद त्या मोजक्या घडांत उतरली. 1961 ची बोर्दो विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ वाइनमध्ये गणली जाते.

तहानेचे माप

जुलैत वेलीला पाणी कमी पडायला हवे. हे वाक्य आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला क्रूर वाटेल, पण लाल वाइनचे अर्धे रहस्य त्यात आहे.

पाणी मुबलक असले की वेल वाढतच राहते: शेंडे, पाने, नवे फुटवे. तहान लागू लागली की ती वाढ थांबवते आणि साखर फळाकडे वळवते. मणी लहान राहतात. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा, अंगकाठी हे सगळे सालीतून येते. बोर्दो विद्यापीठातले जेरार सेगँ यांनी मेदोकच्या मातीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले की थोर बागांचे मर्म मातीतल्या एखाद्या गूढ खनिजात नसून ती माती वेलीला किती आणि कसे पाणी देते यात आहे. गोट्यांची जाडसर जमीन पावसाचे पाणी झपाट्याने खाली सोडते आणि मुळांना खोल जावे लागते. पुढे कॉर्नेलिस व्हान लीवेन यांनी हेच काम अधिक मोजमापांनी पुढे नेले.

त्याच विद्यापीठातले दनी द्युबूर्दिय (निधन 2016) यांनी थोर लाल सालाच्या पाच अटी सांगितल्या होत्या. फुलोरा लवकर आणि एकसारखा. फळधारणेच्या वेळी ऊब आणि कोरडेपणा. जुलैत हळूहळू वाढत जाणारी तहान, म्हणजे मण्यांत पाणी उतरून रंग चढायच्या आत वेलीची वाढ थांबेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाने काम करत राहतील इतपत ओल, पण नवी वाढ होणार नाही इतकीच. आणि तोडणीच्या काळात कोरडी, मध्यम उबदार हवा. या यादीत ‘कडक ऊन’ कुठेच नाही. सगळा भर क्रमावर आणि प्रमाणावर आहे. 2016 मध्ये जूनच्या मध्यापर्यंत पाऊस कोसळत होता आणि लोक हवालदिल झाले होते. मग उन्हाळा कोरडा झाला, आधी मुरलेल्या पाण्याने वेलींना तगवले, आणि ते साल उत्कृष्ट ठरले.

तहान मर्यादेपलीकडे गेली की काय होते, हे 2003 ने दाखवले. त्या ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत युरोपभर हजारो माणसे दगावली. बोर्दोत काही बागांची तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की सालीत रंगद्रव्य तयार होणे मंदावते. फार तापलेले पान आपली रंध्रे मिटून घेते आणि त्याचे काम थांबते. मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जाते, आंबटपणा उतरतो. साखर मात्र चढलेली असते. मग वाइन जाडजूड, मद्यार्काने भारी आणि आतून पोकळ होण्याचा धोका असतो. त्या वर्षी मातीने बाजू फिरवली. पोमरोलच्या खडकाळ तुकड्यांवरच्या वेली होरपळल्या, तर मेदोकच्या उत्तरेकडे सेंत-एस्तेफमध्ये, जिथे गोट्यांखाली चिकणमाती ओल धरून ठेवते, तिथे दिमाखदार वाइन झाल्या. ओल्या वर्षी जी माती खालच्या दर्जाची ठरते, ती करपलेल्या वर्षी राणी होते.

डाऊनी आणि निळे पाणी

उबदार आणि ओला वसंत आला की डाऊनी हा रोग येतो, आपल्या बागायतदाराच्या तोंडचा केवडा. त्यावरचा जगप्रसिद्ध उपाय या मुलखातलाच. 1882 मध्ये बोर्दोचे प्राध्यापक मियार्दे यांना सें-जुलियाँतल्या द्युक्रू-बोकायू बागेत रस्त्याकडेच्या वेली निरोगी दिसल्या, आतल्या मात्र रोगाने पानगळ झालेल्या. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडले होते. त्यातून 1885 मध्ये जे मिश्रण शास्त्रीय रूपात जगापुढे आले, त्याचे नाव आजही सांगली, तासगाव, निफाडच्या कृषी सेवा केंद्रांत रोज घेतले जाते: बोर्डो मिश्रण.

औषध सापडले म्हणून प्रश्न सुटला नाही. 2018 चा वसंत पावसाळी होता आणि डाऊनीने कहर केला. मार्गो भागातली शातो पाल्मेर ही बाग रासायनिक बुरशीनाशके न वापरता चालते. तिथे हेक्टरी उतारा जेमतेम 11 हेक्टोलिटर पडला, नेहमीच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास. बागेने आपली दुसऱ्या फळीची वाइन त्या वर्षी काढलीच नाही. पुढे उन्हाळा कोरडा आणि सुरेख गेला. जेवढे घड वाचले, त्यांची वाइन समीक्षकांनी डोक्यावर घेतली. चव आणि नफा यांची तोंडे वेगळ्या दिशांना असतात, याचे हे अलीकडचे उदाहरण.

शेवटचे तीन आठवडे

सप्टेंबरमध्ये निर्णय माणसाचा. काबेर्ने सोव्हिन्यों कच्ची तोडली तर वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. त्याला कारणीभूत असलेले पायराझिन नावाचे द्रव्य फळ पिकत जाते तसे ऊन आणि उष्णतेने विरत जाते. म्हणून थांबायचे. साखरही चढत असते, लिटरला साधारण 17 ग्रॅम साखरेमागे एक टक्का मद्यार्क. पण थांबावे तर पाऊस: मणी पाणी पिऊन फुगतात, रस पातळ होतो, सालीला चिरा जातात, करड्या बुरशीची कूज घडाघडांत पसरते. 2013 मध्ये थंड वसंत, बिघडलेला फुलोरा, ऑगस्टच्या सुरुवातीला काही भागांत गारपीट आणि शेवटी ही कूज, सगळे एकामागोमाग आले. बऱ्याच जणांना फळ पुरते पिकायच्या आत तोडावे लागले.

श्रीमंत बागांकडे अशा वेळी एक शस्त्र असते: नाकारण्याची ऐपत. वेगवेगळ्या तुकड्यांची वाइन वेगळी मुरवायची, चाखून उत्तम तेवढी पहिल्या नावाखाली भरायची, उरलेली दुसऱ्या लेबलखाली, त्याहून कमी असेल ती ठोक व्यापाऱ्याला. वाईट वर्षी मोठ्या बागेची बाटली बरी निघते ती या गाळणीमुळे. हवामान सगळ्यांवर सारखे कोसळते, ते सोसण्याची ताकद सारखी नसते.

सूत्र आणि जीभ

तोडणीनंतरच्या वसंतात जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बोर्दोत येतात आणि ओकच्या पिंपात मुरत असलेली, बाटलीबंद व्हायला वर्ष-सव्वा वर्ष अवकाश असलेली वाइन चाखतात. त्या चाखण्यावर भाव फुटतात. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांचे नाव झाले ते 1982 च्या सालाची अशीच सुरुवातीला भरभरून वाखाणणी केल्यामुळे. ते साल उबदार होते आणि पीकही भरपूर होते. थोडे पीक म्हणजेच थोर वाइन, या समजुतीला त्याने तडा दिला.

प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांना मात्र चाखण्याची गरज वाटली नाही. त्यांनी 1952 ते 1980 या सालांच्या वाइनच्या लिलावातल्या किमती घेतल्या आणि त्या हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. चार गोष्टी पुरल्या: वाइनचे वय, तोडणीआधीच्या हिवाळ्यातला पाऊस, एप्रिल ते सप्टेंबरचे सरासरी तापमान, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस. पहिल्या तिन्ही वाढल्या की किंमत चढते, चौथी वाढली की पडते. सालासालांतल्या किमतींच्या फरकाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग एवढ्यावर उलगडला. याच बळावर त्यांनी 1986 ची कीर्ती फुगवलेली आहे, 1989 थोर ठरेल आणि 1990 त्याहूनही सरस, असे सांगितले. वाइनच्या जगात गदारोळ झाला आणि पार्कर यांनी या पद्धतीची यथेच्छ खिल्ली उडवली. पण 1989 आणि 1990 या जोडीचे नाव पुढे खरोखरच मोठे झाले.

सूत्राच्या पोटात एक गृहीत होते: जितकी ऊब जास्त तितके बरे. ते ज्या वर्षांवरून बांधले गेले, त्या वर्षांत बोर्दोला ऊब कमीच पडत असे. द्राक्ष पुरते पिकणे हीच तेव्हाची चिंता होती. रस आंबवताना त्यात साखर घालून मद्यार्क वाढवणे ही सर्रास पद्धत होती. आता चिंता बदलली आहे. बर्गंडीतल्या बोन गावच्या तोडणीच्या तारखा 1354 पासून जुळवून इतिहासकारांनी आणि हवामान अभ्यासकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केल्या. 1988 पासूनची तोडणी तिथे आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा 13 दिवस लवकर होते आहे. बोर्दोच्या ज्या वाइन चार दशकांपूर्वी साडेबारा टक्के मद्यार्काच्या असत, त्या तापलेल्या वर्षी चौदाच्या पुढे जातात. 2021 सारखे थंड, गोठलेले, पावसाळी साल आले आणि पुन्हा साखर घालायची वेळ आली, तेव्हा कित्येक तरुण वाइनकारांना ते नवलच होते.

2022 मध्ये बोर्दो परिसरात लांदिरास आणि ला-तेस्त इथल्या वणव्यांत जुलैत वीस हजारांहून अधिक हेक्टर जंगल जळाले. दुष्काळ आणि उष्णता अशी की 2003 ची आठवण निघाली. तरीही वाइन अनेकांच्या अपेक्षेपेक्षा ताजी आणि तोलाची निघाली. टंचाई लवकर सुरू होऊन हळूहळू वाढली, वेलींनी पाने आणि मणी आधीच आवरते घेतले, आणि दोन दशकांत बागायतदारही शिकले होते: पाने कमी खुडून घडांवर सावली ठेवणे, जमीन झाकून ठेवणे, फळ अति पिकायच्या आत तोडणे.

नियमाचे आभाळ

फ्रान्सचा कायदा या सगळ्यात एका बाजूला उभा आहे. एखाद्या वाइनला गावाचे नाव लावायचे, तर त्या गावाच्या हवामानात ढवळाढवळ करायची नाही, हा त्याचा गाभा. 2000 साली मिशेल रोलाँ यांनी फ्रॉन्साकमधल्या फोंतनिल या आपल्या बागेच्या एका भागात वेलींच्या ओळींमध्ये प्लॅस्टिक अंथरले, म्हणजे तोडणीआधीचा पाऊस मुळांपर्यंत जाणार नाही. सेंत-एमिलियाँच्या व्हालांद्रो बागेत जाँ-ल्यूक त्युन्व्हाँ यांनीही तेच केले. अधिकाऱ्यांनी त्या वाइनला गावाचे नाव नाकारले आणि ती साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकावी लागली. त्या काळच्या नियमाप्रमाणे टेबल वाइनवर सालही छापता येत नसे. एकाने बाटलीचे नाव ‘आव्हान’ ठेवले, दुसऱ्याने ‘निषिद्ध’.

तेव्हा प्रश्न जास्तीच्या पाण्याचा होता, आता कमी पाण्याचा आहे. 2021 मध्ये बोर्दोच्या सर्वसाधारण वाइनसाठी उष्णता सोसणाऱ्या सहा नव्या जातींना परवानगी मिळाली, त्यांत पोर्तुगालची तुरिगा नासियोनाल आहे. पण लागवडीच्या 5 टक्के आणि मिश्रणाच्या 10 टक्के एवढ्याच मर्यादेत. 2022 मध्ये काही नामांकित भागांत तात्पुरते पाणी द्यायची सूट दिली गेली. ऑगस्ट 2025 मध्ये मात्र पोमरोलच्या शातो लाफ्लर या बागेने वाटाघाटींचा विषयच संपवला. अवघी साडेचार हेक्टरची ही बाग जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक देते. तिच्या मालकांनी जाहीर केले की 2025 च्या सालापासून आपण पोमरोल हे नाव सोडतो आणि साध्या ‘फ्रान्सची वाइन’ या वर्गात जातो. हवामान फार वेगाने बदलते आहे आणि नियम त्या वेगाने बदलू देत नाहीत, हे त्यांचे कारण.

लाफ्लरला हे परवडते, कारण तिचे ग्राहक गावाचे नाव वाचून बाटली घेत नाहीत. शेजारच्या छोट्या बागायतदाराला परवडणार नाही. त्याची वाइन गावाच्या नावावरच विकली जाते. नियम बदलायचेच असतील तर ते त्याच्यासाठी आधी बदलायला हवेत.

आणि नियम किती बदलायचे, याचे उत्तर या लेखातल्या सालांतच आहे. सरसकट पाणी देऊ लागलो तर 2003 चे नुकसान टळेल, पण 2016 घडवणारी जुलैची तहानही जाईल. वर्षे एकमेकांसारखी होतील आणि बाटलीवरचे साल मालाच्या तारखेपुरते उरेल. काहीच केले नाही तर टंचाई थोर वाइन घडवण्याऐवजी वेलच मारील. बोर्दोतल्या पिढ्यांनी वेलीला किती उपाशी ठेवायचे याचे माप आभाळावर सोपवले होते, कारण आभाळ बहुतेक वेळा हद्दीत राहत असे. ते माप आता माणसाला हातात घ्यावे लागणार आहे. तशी वेळ आलीच तर पाण्याच्या नळीइतकीच गरज नळ कधी बंद ठेवायचा हे कळण्याची लागेल, आणि ते शहाणपण ज्यांच्याकडे असेल त्यांच्याच बाटलीवरचे साल वाचण्याजोगे राहील.